डायझेपामची फूटपट्टी

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या आमच्या दांडी गावात माझी ओळख ‘टेन्शनच्या गोळ्या बनवते ती’ अशी आहे. गोळी मी आजवर एकही बनवलेली नाही. तारापूर एमआयडीसीतले बरेचसे औषध कारखाने पावडर तयार करतात. ती पिंपात भरून दुसऱ्या गावी जाते आणि तिथे तिची गोळी होते. पण हे किनाऱ्यावर कुणाला समजावत बसायचं? आमच्याकडे कोणी बोटीवर, कोणी एमआयडीसीत, कोणी अणुवीज केंद्रात कंत्राटावर. आत जाऊन कोण नेमकं काय करतं याची चौकशी सहसा होत नाही, पगार वेळेवर होतो का एवढंच विचारतात. मी चिंता कमी करणाऱ्या औषधांवर काम केलं. आधी मुंबईत, एम. फार्म. करताना उंदरांवर. मग तारापुरात तयार पावडरीच्या तपासणीवर. आणि आता काही वर्षं वनस्पतींच्या अर्कांवर.

उंदराची चिंता मोजतात ती अशी. अधिक चिन्हाच्या आकाराची एक लाकडी मांडणी असते, जमिनीपासून अर्धा मीटर उंच. तिचे चार हात, प्रत्येक अर्धा मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद. समोरासमोरच्या दोन हातांना उंच भिंती असतात, उरलेले दोन उघडे. प्रयोगशाळेत तिला नुसतं ‘प्लस मेझ’ म्हणतात. उंदीर मधोमध ठेवायचा आणि पाच मिनिटं बघत राहायचं. उंदराला नवी जागा हुंगायची असते, पण उघड्यावर, उंचावर जायची भीतीही वाटते. त्या ओढाताणीत तो उघड्या हातावर किती वेळ काढतो, हेच मोजमाप.

सांगायला सोपं आहे, बघायला तितकं नाही. साध्या उंदराला आपण भिंतीआड ठेवलं नाही तरी तो भिंतीआडच जातो. मग कडेशी येऊन मागचे पाय आत रोवतो आणि अंग ताणून नाक बाहेर काढतो. मिश्या थरथरतात. पुढचा एक पाय उघड्या फळीवर टेकतो, उचलतो, की झाला परत आत. चारही पाय बाहेर आले तरच ते ‘बाहेर आला’ म्हणून धरायचं. तीन आले तर नाही. डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध दिलेला उंदीर मात्र फळीच्या टोकापर्यंत जातो आणि कडेवरून मान खाली घालून जमीन बघतो. प्रत्येक उंदरानंतर फळी पातळ अल्कोहोलने पुसावी लागते, कारण आधीचा घाबरून लेंड्या टाकून गेलेला असतो आणि त्या वासाने पुढचा बिथरतो. खोलीत उजेड मंद हवा. आणि महत्त्वाचं म्हणजे, एका उंदराला मांडणीवर एकदाच ठेवायचं. त्याने ती एकदा पाहिली की दुसऱ्या वेळी त्याच्यावर डायझेपामचाही नीट परिणाम दिसत नाही. हे का होतं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला तेव्हा फक्त दर वेळी नवे उंदीर मागवायला लागत आणि प्राणी समितीपुढे त्याचं कारण द्यावं लागे.

माझा विषय जटामांसी होता. हिमालयात उंचावर येणारी ही वनस्पती, तिच्या केसाळ मुळांना ओल्या मातीसारखा आणि थोडा कुबट वास. इतकी उपसली गेली की 1997 साली तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रणात आणावा लागला. मधल्या मात्रेला माझे उंदीर उघड्यावर जास्त वेळ राहिले. मोठ्या मात्रेला आकडे आणखी चांगले आले आणि मी खूश होऊन तक्ता मार्गदर्शक मॅडमना दाखवायला नेला. त्यांनी टक्केवारीकडे बघितलंच नाही. चारही हातांत मिळून एकूण फेऱ्या किती, ते विचारलं. त्या निम्म्याहून कमी होत्या. “अगं, हा धीट झाला नाही, हा पेंगतोय. जिथे बसला तिथेच बसला, एवढंच.” भीती जाणं आणि गुंगी येणं यांतला फरक तेव्हा तक्त्याच्या एका रकान्यातून कळला, तो आजही कामी येतो.

पण या चाचणीवरचा त्यांचा भरवसा मला पटला नाही, आणि अजून पटत नाही. ही चाचणी 1980च्या दशकाच्या मध्यावर रुळली ती डायझेपाम आणि त्याच्या भावंडांवर पारखून. डायझेपाम दिलं की उंदीर बाहेर येतो, म्हणून चाचणी बरोबर. आणि उंदीर बाहेर येतो, म्हणून नवं औषध चांगलं. आता बस्पिरोन घ्या. माणसांच्या चिंताविकारावर ते वापरलं जातं, पण या मांडणीवर कधी चालतं, कधी चालत नाही. आज डॉक्टर चिंताविकाराला आधी जी औषधं देतात, एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, त्यांचा माणसावर गुण यायला काही आठवडे जातात. उंदराला त्यांचा एक डोस देऊन अर्ध्या तासाने फळीवर ठेवलं तर काही दिसत नाही, कधी उलटंच दिसतं. म्हणजे ही औषधं एखाद्या मुळीतून सापडली असती आणि आम्ही ती नेहमीच्या पद्धतीने तपासली असती, तर ‘परिणाम नाही’ असं लिहून फाईल मिटली असती. वनस्पतींत नवं काही शोधायला आम्ही निघतो आणि हातात फूटपट्टी असते व्हॅलियमची, म्हणजे डायझेपामचीच. जे व्हॅलियमसारखं वागेल तेवढंच आम्हाला दिसतं.

तारापुरात नोकरी लागली तेव्हा त्या व्हॅलियमच्या घराण्यातलंच एक औषध माझ्या टेबलावर आलं. पांढरी पावडर, जवळजवळ बिनवासाची. नार्कोटिक्स कायदा, 1985 च्या यादीतली वस्तू, त्यामुळे तिचा सगळा कारभार कुलपाआड. तपासणीसाठी आलेला ग्रॅमचा अंशसुद्धा वजन करून, दोघांच्या सह्या घेऊन वहीत चढवायचा. उरलेलं परत मोजायचं, नष्ट केलं तर तेही साक्षीने. कारखान्यात एरवी किलोच्या गोष्टी चालतात, इथे मिलिग्रॅमवर माणसं अडून बसायची. कारण बाहेर या पावडरीला वेगळंच गिऱ्हाईक आहे. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम मिसळण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालत आलाय, आणि ती ताडी मिळेनाशी झाली की पिणारे थरथर कापत, भ्रमात बडबडत इस्पितळात येतात. आमच्या पालघर जिल्ह्यातही ताडी आहे, म्हणून या बातम्या मी जरा जास्त लक्ष देऊन वाचल्या.

या औषधांचा जन्म मजेदार आहे. लिओ स्टर्नबाख हा रोश कंपनीचा रसायनशास्त्रज्ञ, न्यू जर्सीत काम करायचा. त्याने बनवलेली संयुगं एकामागून एक फुकट गेली. 1957 साली टेबलाची आवराआवर करताना बाजूला पडलेला एक स्फटिकी पदार्थ सहकाऱ्याच्या नजरेस आला. टाकून देण्याआधी तपासायला पाठवू, म्हणून पाठवला. तो 1960 साली लिब्रियम या नावाने बाजारात आला आणि 1963 साली त्याचा धाकटा भाऊ व्हॅलियम. मेंदूत ही औषधं नेमकी कुठे जाऊन बसतात ते 1977 साली कळलं. मेंदूतल्या पेशींना शांत करणारा ‘गाबा’ नावाचा पदार्थ असतो. त्याच्या दारावर ही औषधं जाऊन बसतात आणि गाबाचं काम वाढवतात. म्हणजे सतरा वर्षं जगभर लोक ही गोळी घेत होते आणि ती कुठे लागते हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आयुर्वेदिक औषधांच्या बाबतीत ‘कसं काम करतं तेच माहीत नाही’ म्हणून नाकं मुरडणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे आवर्जून ऐकवते.

कारखान्यातली आणखी एक गोष्ट घरापर्यंत यायची. एमआयडीसीचं सांडपाणी प्रक्रियेनंतर नवापूरच्या समुद्रात सोडतात आणि नवापूर म्हणजे आमच्या शेजारचंच गाव. त्या पाण्यावरून मच्छीमारांची तक्रार जुनी. मांगेला समाज परिषद 2016 साली हरित लवादाकडे गेली, ती याच कारणाने. मी त्या कारखान्यात आणि बाबा त्या समुद्रात, त्यामुळे जेवताना हा विषय निघाला की भाऊ मुद्दाम माझ्याकडे बघायचा. 2013 साली ‘सायन्स’मध्ये स्वीडनच्या उमिओ विद्यापीठातल्या लोकांचा एक निबंध आला होता, तो मी एकदा बाबांना सांगितला. डायझेपाम शरीरात गेल्यावर त्याचं जे ऑक्झॅझेपाम होतं, ते त्यांनी पाण्यात अगदी थोडं घालून त्यात पर्च जातीचे मासे ठेवले. मासे धीट झाले, भराभर खाऊ लागले, आणि कळप सोडून एकेकटे फिरू लागले. पुढे 2025 साली त्याच मंडळींनी सामन माशांना याच घराण्यातलं क्लोबाझाम देऊन नदीत सोडलं, तर ते धरणं लवकर ओलांडून जास्त संख्येने समुद्रात पोचले. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एकेकटा मासा कुठे धुंडायचा? थवा असतो म्हणून जाळं टाकतो. असा फिरायला लागला तर डिझेलचे पैसे निघायचे नाहीत.” संशोधकांनी त्या धीटपणात शिकारी माशाच्या तोंडी जायचा धोका पाहिला होता, बाबांनी डिझेलचा भाव पाहिला.

या सगळ्यामुळे असेल, किनाऱ्यावर ‘केमिकल’ हा शिवीसारखा शब्द आहे. टेन्शनवर काहीतरी दे म्हणून येणारी प्रत्येक बाई पुढचं वाक्य तेच बोलते: “पण तुझी ती एमआयडीसीची गोळी नको गो, झाडपाल्याचं दे.” झाडपाला म्हणजे अपाय नाही, ही समजूत इतकी पक्की की तिच्याशी भांडताना मी सर्पगंधेची गोष्ट सांगते. आणि ती आपल्या मुंबईची गोष्ट आहे.

सर्पगंधेची मुळी वेडावर आणि झोपेसाठी आपल्याकडे पूर्वापार वापरात. 1931 साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकींनी तिच्यातून पहिली अल्कलॉइडं वेगळी केली. एकाला हकीम अजमलखानांच्या नावावरून अजमलिन म्हटलं. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग लिहून प्रसिद्ध केला. पण जगाचं लक्ष गेलं ते मुंबईच्या केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष छापल्यावर. 1957 साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मधल्या काळात, 1952 साली, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतला मुख्य गुणकारी पदार्थ वेगळा केला, तो रिसर्पिन. 1954 पासून अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत तो वापरात आला आणि ‘ट्रँक्विलायझर’ हा शब्द तिथल्या लोकांच्या तोंडी बसला. याच सिबाने 1963 साली गोरेगावला संशोधन केंद्र उघडलं, तिथे पंडित नेहरू आले होते.

आता गोष्टीची दुसरी बाजू. रिसर्पिन घेणाऱ्या काही रक्तदाबाच्या रुग्णांना खोल उदासीने घेरलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले. रिसर्पिन मेंदूतले सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन यांचे साठे रिकामे करतं, हे नंतर उलगडलं, आणि नैराश्याची पहिली रासायनिक उपपत्ती बऱ्याच अंशी त्यावरच उभी राहिली. उदासीचा दोष सगळा रिसर्पिनचाच होता का, यावर पुढे वाद झाला. पण मूळ बदललं नव्हतं. तेच झाड, तीच मुळी. फरक पडला तो मात्रेने आणि घेणाऱ्या माणसाने. हे ऐकून आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “म्हणजे झाडातसुद्धा केमिकलच?” मी हो म्हटलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

अर्कांच्या कामाला लागल्यावर मला रोज तेच ‘झाडातलं केमिकल’ मोजायला लागलं. सध्या सगळी मागणी अश्वगंधेची. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे तिचं पीक मोठं, तिथल्या मंडीतून मुळं येतात. हिच्यावरचं काम चांगलंही आहे. 2000 साली बनारस हिंदू विद्यापीठात भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी तिच्यातल्या ग्लायकोविथॅनोलाइडांची उंदरांवर लोराझेपामशी तुलना केली. तिथेही प्लस मेझ, तिथेही तुलना त्याच घराण्याशी. माझं म्हणणं तुमच्या लक्षात आलं असेल. पण त्यांनी अर्क पाच दिवस दिला, एका डोसवर निकाल लावला नाही, हे मला विशेष वाटतं. 2012 साली हैदराबादला 64 ताणग्रस्त माणसांवर 60 दिवस मुळाच्या अर्काची चाचणी झाली आणि खोट्या औषधापेक्षा ताण स्पष्ट कमी झालेला दिसला. चाचणी लहान आहे, पण रीत सरळ आहे. दुसरीकडे यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणं जगभरातून छापून आलीत आणि डेन्मार्कने 2023 साली तिच्यावर बंदीच घातली. माझ्या मते ती बंदी घाईची होती. पण ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ एवढं एकच उत्तर देऊन चालणार नाही, हेही तितकंच खरं.

कारण परंपरेतली अश्वगंधा म्हणजे मूळ, आणि पोत्यातून येते ती प्रत्येक वेळी मूळच असते असं नाही. पानं स्वस्त पडतात. पानांत विथाफेरिन ए हे विथॅनोलाइड भरपूर असतं, त्यामुळे मुळाच्या चुऱ्यात पानं दळून घातली की कागदावर ‘विथॅनोलाइड पाच टक्के’ आरामात भरतात. विथाफेरिन ए पेशींना मारक म्हणून कर्करोगाच्या संशोधनात गाजलेला पदार्थ. ताणासाठी रोज घ्यायच्या कॅप्सूलमध्ये त्याची भर कशाला हवी? आयुष मंत्रालयाने 2021 साली पानं वापरू नका असं कंपन्यांना कळवलं. आम्ही ते एचपीएलसीवर पकडतो. नमुना मिथेनॉलमध्ये मुरवायचा, गाळायचा, यंत्रात सोडायचा, आणि पडद्यावर एकेक टोक उठताना बघत बसायचं. चांगल्या मुळात विथाफेरिनचं टोक आपल्या मापात असतं. पानं घातलेल्या मालात ते एकदम ताडासारखं उभं राहतं. व्यापारी फोनवर शपथा घेत असतो आणि मी ते टोक बघत असते.

त्याच यंत्रात एकदा मावशीची पुडी गेली. मावशी नात्याची नाही, गल्लीतली. तिचा मुलगा गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. आमच्या किनाऱ्यावरची पुष्कळ पोरं वेरावळ, ओख्याच्या बोटींवर जातात. ती बोट पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने पकडली आणि पोरगा कराचीच्या तुरुंगात. तेव्हापासून हिची झोप गेली होती. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, रात्री उठून दारात उभं राहायचं. मग कुणीतरी एका जडीबुटीवाल्याकडून करड्या पावडरीच्या पुड्या आणून दिल्या, आणि मावशी झोपायला लागली. सगळे खूश. मी सुटीत घरी होते तेव्हा ती मासे विकून आली, ओट्यावर बसली, पुडी पाण्यासोबत घेतली आणि बोलता बोलता अर्ध्या तासात तिची जीभ जड झाली. बाजारात मोडीचा हिशोब चुकतो म्हणून सून कुरकुरत होतीच. पायरीवरून एकदा पडलीही होती.

अश्वगंधा अर्ध्या तासात जीभ जड करत नाही. जटामांसीसुद्धा नाही, निदान चमचाभर पावडरीत नाही. मी तिच्याकडून दोन पुड्या मागून घेतल्या, साहेबांची परवानगी काढली आणि नमुना सोडला. झाडाची म्हणून जी गर्दी असते ती होती, बारीक बारीक टोकं एकमेकांना चिकटून. आणि त्या गर्दीबाहेर एक टोक, सडसडीत, एकटं. झाडाचा अर्क इतकं नीटनेटकं काही देत नाही. मास स्पेक्ट्रोमीटरवर 285 चा आकडा आला. डायझेपाम. एका पुडीत साधारण पाच मिलिग्रॅमच्या गोळीएवढं भरलं, आणि मावशी दिवसाला तीन पुड्या घेत होती, कधी चार. डॉक्टरच्या चिठ्ठीने हेच औषध घेतलं असतं तर दुकानदाराला एच-वन वहीत नाव, पत्ता, नग लिहून ठेवावे लागले असते. पुडीला वही नसते.

पुडीवाल्याचा राग आला, पण त्याचा हिशोबही कळत होता. गिऱ्हाईक ज्या मापाने औषध जोखतं, तेच माप आम्ही प्रयोगशाळेत लावत आलो: घेतल्यावर लगेच काय होतं? त्या मापाला उतरणारी मुळी त्याला मिळेना, म्हणून त्याने थेट मूळ फूटपट्टीच कुटून घातली.

घरी खरं सांगितल्यावर सुनेने सगळ्या पुड्या चुलीत टाकायला घेतल्या, तेव्हा मला हात धरावा लागला. इतके महिने रोज घेतलेलं डायझेपाम एकदम बंद केलं तर थरकाप, घाम, अजिबात झोप नाही, आणि काहींना फीटसुद्धा येते. आम्ही तिला पालघरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी पुड्या थांबवून तेवढ्याच ताकदीची मोजलेली गोळी सुरू केली, मग दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी. सोबत सर्ट्रालिन, ज्याचा गुण यायला महिना लागेल असं त्यांनी आधीच सांगितलं. मावशीला ती गोळी ‘लागत नाही’ म्हणून पहिले पंधरा दिवस तिच्यावर विश्वासच नव्हता. एमआयडीसीची गोळी नको म्हणणारी ती आता ती मोजलेली गोळीच मागत होती, फक्त पूर्ण.

कमी करण्याचं वेळापत्रक ठरवताना डॉक्टरांनी विचारलं, वर्षात कुठले दिवस जास्त जड जातात. सणवार सांगेल असं मला वाटलं. मावशी म्हणाली, “जानेवारीची पहिली आणि जुलैची पहिली.” भारत आणि पाकिस्तान वर्षातून दोनदा, याच तारखांना, आपापल्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. त्याच्या आधी आणि नंतर काही दिवस किनाऱ्यावरची घरं फोनला चिकटून असतात. डॉक्टरांनी कॅलेंडर ओढलं आणि जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत मात्रा आहे तेवढीच ठेवायची असं लिहून दिलं. शेवटची पाव गोळी त्यांनी ऑगस्टवर ढकलली, नारळी पौर्णिमेनंतर.